कोणता स्नायू, कोणता तंतू?

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

परिसंवादासाठी लिहिलेला तुझा निबंध मिळाला. कापूस वेचणीच्या ऐन घाईत घरची कामे सांभाळून तू इतके वाचलेस, याचा मनापासून आनंद झाला. मात्र ‘अंतराळात माणसाचे स्नायू झिजतात’ हे पहिलेच वाक्य फार ढोबळ आहे. कोणता स्नायू, त्यातला कोणता तंतू, किती दिवसांत आणि व्यायाम करूनही की न करता, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला शास्त्रात वजन येत नाही.

तुझी आई दिवसभर पऱ्हाटीत उभी राहून वेचणी करते, तेव्हा पुढे कलू पाहणाऱ्या शरीराला पोटरीतला सोलियस नावाचा चपटा स्नायू सतत सावरून धरतो. त्यात मंदगती तंतू, म्हणजे हळू आकुंचन पावणारे तंतू, बहुसंख्य असतात. रक्तपुरवठा आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे) भरपूर असल्याने ते तासन्‌तास थकत नाहीत. अंतराळ स्थानकावर गुरुत्वाकर्षण नाहीसे होत नाही, ते जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असते (तू ‘शून्य’ लिहिले आहेस, ते दुरुस्त कर). पण स्थानक आणि माणूस दोघेही पृथ्वीभोवती सतत पडत असल्यामुळे पायांवर भार येत नाही, आणि इथे ज्याला क्षणाची उसंत नसते त्याच स्नायूचे काम तिथे सुटते. भार सुटला की नवी प्रथिने घडण्याचा वेग मंदावतो आणि तंतू बारीक होत जातो.

सुमारे सहा महिने स्थानकावर राहिलेल्या नऊ जणांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायाम करूनही त्यांच्या पोटरीचे आकारमान सरासरी १३ टक्क्यांनी घटले होते, पण तिची कमाल शक्ती ३२ टक्क्यांनी. सोलियसमधल्या मंदगती तंतूंचे प्रमाणही १७ टक्क्यांनी उतरले होते, म्हणजे स्नायू नुसता लहान झाला नाही, त्याची घडणच जलदगती तंतूंकडे, म्हणजे झटकन आकुंचन पावणाऱ्या पण लवकर थकणाऱ्या तंतूंकडे, झुकली. याउलट १९९५ च्या एका अभ्यासात, ११ दिवसांच्या उड्डाणानंतर मांडीच्या पुढच्या स्नायूत जलदगती तंतूच अधिक बारीक झालेले दिसले. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून वाच. ते एकमेकांना खोडत नाहीत. स्नायू वेगळा आहे आणि मुदतही वेगळी. माझ्या मते तुझ्या निबंधाचा गाभा इथे आहे आणि त्यावर तू दोनच ओळी खर्च केल्या आहेस.

‘व्यायामाचा उपयोग नाही’ असेही लिहू नकोस. अधिक भार देणारे व्यायामयंत्र २००८ च्या अखेरीस स्थानकावर पोहोचले, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या मोहिमा एकाच मापाने मोजता येत नाहीत. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी २०२५ मध्ये स्थानकावर केलेल्या प्रयोगांपैकी स्नायूंच्या पुनर्निर्मितीचा प्रयोग बंगळूरच्या इनस्टेम या मूलपेशी संशोधन संस्थेचा होता. त्याचा उल्लेख अवश्य कर.

या विषयासाठी आधी नागपूर-पुणे गाठायला हवे, असे समजू नकोस. पायाचे हाड मोडून कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेली, म्हणजे पायावरचा भार सुटलेली, माणसे आपल्या ग्रामीण रुग्णालयातही येतात. प्लास्टर कापल्यावर कोरड्या, सैल कातडीखाली पोटरी हाताला मऊ लागते आणि दुसऱ्या पायाशेजारी लगेच बारीक दिसते. डॉक्टरांची आणि रुग्णाची परवानगी घेऊन दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोज. पण तेवढ्यावर थांबू नकोस. डॉक्टरांनी पायावर भार द्यायला हरकत नाही असे सांगितल्यानंतर, एकेका पायावर टाच किती वेळा उचलता येते तेही मोज आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी लिही.

तुझे,
सर