१:५० च्या वाड्याच्या मॉडेलमध्ये घरातल्या टाकाऊ वस्तूंनी खरेपणा कसा आणायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: पेठेतल्या जुन्या वाड्याचं १:५० प्रमाणातलं मॉडेल पुठ्ठ्यात उभं केलंय, भिंती-दारं मापात आहेत, तरी ते शाळेच्या प्रकल्पासारखं दिसतं, बाहेरचं महागडं सामान न मागवता घरातल्या वस्तूंनी त्यात जीव आणता येईल का?

येईल. फक्त टाकाऊ वस्तू हातात घेऊन ‘ही कशासारखी दिसते’ असा विचार करू नका. आधी खऱ्या वस्तूचं माप काढा, मग त्या मापाचं घरात काय आहे ते शोधा. १:५० ला हिशेब तोंडी होतो: मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे प्रत्यक्षातले ५ सेंमी. बहुतेक मॉडेलं फसतात ती इथेच. आइस्क्रीमची काडी २ मिमी जाड असते, म्हणजे १० सेंमी जाडीची फळी झाली! इतकं जाड दार वाड्याला सहसा नसतं. शिवाय लाकडाच्या रेषाही पन्नासपट मोठ्या दिसतात. दारासाठी अर्ध्या मिमीचा पुठ्ठाच घ्या आणि लाकूड रंगातून दाखवा. आगपेटीची लाकडी काडी मात्र साधारण २ मिमी चौरस असते. कडीपाटाच्या छताची ४ इंची कडी म्हणून ती जशीच्या तशी बसते.

सुरुवात मागच्या भिंतीपासून करा. पुढचा दिंडी दरवाजा सगळेच मन लावून करतात. पण आजचा वाडा ओळखू येतो तो मागच्या बाजूच्या नळांवरून. सांडपाण्याचा ४ इंची बिडाचा पाइप बाहेरून सुमारे ११ सेंमी भरतो, म्हणजे मॉडेलवर २.२ मिमी. कान साफ करायच्या बडची कागदी काडी जवळपास तेवढीच असते. प्लास्टिकची काडी घेऊ नका, तिच्यावर रंग टिकत नाही, नखाने सोलून निघतो. बिडाच्या पाइपला दर ६ फुटांवर जोड असतो; तेव्हा ३६ मिमीवर दीड मिमी रुंदीची कागदाची पट्टी दोन वेढे गुंडाळा. पाइप भिंतीला चिकटवून टाकू नका, मध्ये अर्धा मिमी फट ठेवा. त्या फटीतली सावलीच पाइप खरा करते. पिण्याच्या पाण्याच्या पाऊण इंची नळासाठी जुन्या लँडलाइन फोनच्या वायरीतली अर्ध्या मिमीची तांब्याची तार घ्या. पोलादी पट्टीखाली दाबून पुढे-मागे लोळवली की ती अगदी सरळ होते.

कौलांवर वेळ घालवा, कारण मॉडेल वरूनच पाहिलं जातं. मंगलोरी कौल लावल्यावर साधारण ३२ बाय २० सेंमी उघडं दिसतं, म्हणजे ६.४ बाय ४ मिमी. छपराची २० बाय १० सेंमीची एक उतरण धरली तर पावणेआठशेच्या आसपास कौलं होतात. सुटी चिकटवत बसू नका. जुनी लग्नपत्रिका घ्या. गुळगुळीत लॅमिनेशनची नको, साध्या जाड कागदाची. तिच्या ८ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा, दर ४ मिमीवर ५ मिमी खोल चीर द्या आणि संपलेल्या बॉलपेनने प्रत्येक कौलावर दोन खाचा दाबा. पट्ट्या वळचणीकडून आढ्याकडे लावत जा, प्रत्येक ओळ ६.४ मिमी उघडी राहील अशी. १० सेंमीच्या उतारावर १६ ओळी बसतात. फेविकॉल जाड लावलात तर पट्ट्या ओल्या होऊन वर वळतात आणि पावसाळ्यात अख्खं छप्पर पोटाशी वाकतं. म्हणून पातळ हात फिरवा आणि छपराच्या खालच्या बाजूलाही एक कागद चिकटवा, म्हणजे दोन्हीकडून ताण सारखा येतो. चार-पाच कौलं मुद्दाम किंचित सरकवा. रंग देताना दहातलं एखादं कौल गडद ठेवा. आणि वाडा पेशवाईतला दाखवायचा असेल तर मंगलोरी कौलं चालणार नाहीत. ती मंगळुरात बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून होऊ लागली. तेव्हा नळीची कौलं करावी लागतील: पातळ कागद २ मिमीच्या सुईवर फेविकॉलच्या पाण्याने गुंडाळायचा, वाळला की उभा चिरून दोन भाग करायचे.

न्हाणीघरावरच्या पत्र्याला मलमाची ॲल्युमिनियमची ट्यूब लागते. टूथपेस्टच्या हल्लीच्या ट्यूब प्लास्टिकच्या थरांच्या असतात, वाकवल्या तरी परत उसळतात. मलमाची ट्यूब उभी कापून साबणाने धुवा. पत्र्याच्या दोन नळ्यांमधलं अंतर सुमारे साडेसात सेंमी, म्हणजे दीड मिमी. आणि १० मिमीच्या साध्या बोल्टचे आटेही नेमके दीड मिमीवर असतात! जुन्या हवाई चपलेच्या तळव्यावर पत्रा पसरा आणि बोल्ट दाबून एकदाच लोळवा. दुसऱ्यांदा लोळवलात तर आटे आधीच्या खाचांत बसत नाहीत आणि नक्षी बिघडते. आटे तिरके असल्यामुळे रेघाही जराशा तिरक्या उमटतात. म्हणून आधी दाबा, मग रेघांना समांतर कापा. उरलेल्या तुकड्यातून ३ मिमीच्या रिफिलवर वाकवून वळचणीची पन्हळ होते. सिमेंटचा पत्रा हवा असेल तर मोबाइलच्या किंवा पिझ्झाच्या खोक्याचा बारीक पन्हळी पुठ्ठा पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून वरचा कागद सोला. आतल्या पन्हळी साधारण ३ मिमीच्या असतात आणि खऱ्या पत्र्याच्या १४.६ सेंमीच्या, त्यामुळे जोडी जुळते. कुरिअरच्या मोठ्या खोक्यांच्या पन्हळी दुपटीने मोठ्या असतात, त्या या कामाच्या नाहीत.

गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी साधारण २२ मिमी व्यासाची येते. औषधाच्या बाटलीचं झाकण मापात बसतं, पण त्याच्या उभ्या रेघांमुळे ते लगेच झाकण म्हणून ओळखू येतं. टाकीला कडा असतात त्या आडव्या. झाकणाच्या रेघा पॉलिशपेपरने घासून काढा, मग शिवणाचा दोरा २ मिमी अंतराने आडवा गुंडाळा आणि वर पातळ फेविकॉल फिरवा. गळक्या छपरावरची निळी ताडपत्री प्लास्टिकच्या पिशवीची कधीच करू नका. एवढ्या लहान तुकड्यात पिशवी ताठ उभी राहते, तिला घडी पडत नाही. टिश्यू पेपरचा एकच पदर सुटा करा, फेविकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं करून त्यात भिजवा, छपरावर टाका, ब्रशने खाली बसवा आणि वाळल्यावर निळा रंगवा.

काळ्या दगडाच्या जोत्याला अंड्यांच्या करड्या कागदी ट्रेइतकं चांगलं काही नाही. ८ बाय ५ मिमीचे तुकडे करा, कडा कात्रीने न कापता नखाने तोडा. चौकातल्या २ फुटी शहाबादी फरशीसाठी १२ मिमीचे चौकोन, त्यांवर पेन्सिलीची भुकटी बोटाने चोळा.

मातीसाठी चहाचा चोथा वापरतात. आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला असतो, हे विसरलात तर आठवड्यात बुरशी आणि मुंग्या ठरलेल्या. चोथा दोनदा साध्या पाण्यात उकळून गाळा, तव्यावर कोरडा करा, मगच वापरा. तरीही त्याचा तपकिरी डाग फिक्या रंगातून वर येतो, म्हणून चुनकाम केलेल्या भिंतीलगत तो नको. तिथे विटेची पूड बरी. मोठे खडे काढायला चहाची गाळणी, बारीक पुडीसाठी जुनी ओढणी.

प्लास्टिक वापरताना तळाच्या त्रिकोणातला आकडा वाचा. ६ असेल तर ते पॉलिस्टायरीन, प्लास्टिक मॉडेलच्या किटचा गोंद त्याला वितळवून पक्का जोडतो. ५ आकड्याचे श्रीखंडाचे डबे आणि ४ आकड्याच्या दुधाच्या पिशव्या त्या गोंदाला दाद देत नाहीत. गोळ्यांच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक खिडकीच्या काचेला उत्तम, पण ते फेविक्विकने लावू नका. त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. फेविकॉलचा बारीक ठिपका पुरतो. थर्मोकोलवर स्प्रेचा रंग थेट मारलात तर ते विरघळतं, आधी फेविकॉलचे दोन हात द्या.

हे सगळं बसलं की रंगाआधी पूर्ण मॉडेलला करड्या प्रायमरचा एक पातळ हात हवाच (काचा त्यानंतर लावा). तो दिला नाही तर पत्रिका पत्रिकाच दिसते आणि बडची काडी काडीच.

विजेच्या तारा मात्र रंगकामही संपल्यावर लावा. जुन्या चार्जरच्या वायरीतला एकेक केसासारखा धागा ०.१ मिमीचा असतो, म्हणजे खऱ्या ५ मिमीच्या वायरीइतका. इअरफोनच्या तारेत नायलॉनचे धागे मिसळलेले असतात, ती टाळा. दोन टोकं चिकटवून मध्ये थोडा झोल सोडा. ताणलेली तार बोटाचा पहिला धक्का लागताच सुटते, झोल असलेली टिकते.