आईवडील आणि मुलांना घेऊन बायबलमधली वाळवंटातली ठिकाणं कशी पाहावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सत्तरी ओलांडलेले आईवडील, शाळेत जाणारी दोन मुलं, हाताशी आठ-नऊ दिवस. बायबलमधल्या वाळवंटात जायचं आहे, तर तीन देशांची टूर घ्यावी की एकच देश नीट बघावा?

एकच देश बघा, आणि तो जॉर्डन. आमच्या वसईतून धर्मग्रामांचे जे ग्रुप जातात ते बहुधा इजिप्त, इस्रायल आणि जॉर्डन एका दमात करतात. लोक मनापासून जातात, पण दर दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बॅगा भरायच्या आणि सीमेवरच्या रांगेत उभं राहायचं, हे म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही. मुलांना तर शेवटी कुठलं देऊळ आणि कुठलं चर्च काहीच आठवत नाही. जॉर्डनमध्ये मात्र मोशेच्या मागून इजिप्तमधून वचनदत्त देशाकडे निघालेल्या इस्राएल लोकांच्या वाटचालीचा शेवटचा टप्पा जवळजवळ एका रस्त्यावर सलग सापडतो.

आता माझं खरं सांगणं. हा प्रवास दक्षिणेकडून उत्तरेकडे करा. टूरवाले आधी मादाबा शहर आणि मोशेचा जिथे मृत्यू झाला तो नबो डोंगर दाखवतात आणि मग खडकात कोरलेल्या पेट्रा या प्राचीन शहरात नेतात, कारण नबो विमानतळाजवळ पडतो. त्यांच्या दृष्टीने ते सोयीचं आहे. पण मोशे उलट्या दिशेने आला होता. त्याचा मृत्यू आधी बघायचा आणि त्याने खडकातून काढलेलं पाणी नंतर, याने सगळी गोष्टच विस्कटते. विमानतळावरून गाडी करून डेझर्ट हायवेने सरळ पेट्राजवळच्या वादी मूसा गावी जा. साधारण तीन तास लागतात. रस्ता रुक्ष आहे, त्यामुळे आईवडील झोपले तरी काही बुडत नाही.

वादी मूसात शिरताना रस्त्याला लागूनच ऐन मूसा आहे. तीन पांढऱ्या घुमटांची बैठी, साधी खोली, आत एक मोठा दगड आणि त्याच्या बुडातून वाहणारं थंड, नितळ पाणी. मोशेने काठी मारली तो हाच खडक, अशी तिथली परंपरा. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. बायबलमधल्या गणनेच्या पुस्तकात ही घटना कादेशला घडते, आणि ते कादेश बरेच जण सिनाईच्या बाजूला मानतात. तरीही इथे थांबाच. बाहेर उघडेबोडके डोंगर, आणि आत गावचे लोक कॅन भरून नेताहेत. मुलांना त्या पाण्यात हात घालू द्या आणि गणना 20 तिथेच वाचा. देवाने खडकाशी बोल म्हटलं होतं, मोशेने त्यावर दोनदा काठी मारली, आणि म्हणून त्याला वचनदत्त देशात जायला मिळणार नाही असं ठरलं. ही गोष्ट इथे ऐकलेली असेल तरच पुढे नबोवर तिचा अर्थ लागतो.

पेट्राबद्दल फार लिहीत नाही, माहिती सगळीकडे आहे. आईवडिलांसाठी प्रवेशद्वारापासून ‘खजिना’ म्हणतात त्या कोरीव इमारतीपर्यंत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मिळतात. सिकमधून, म्हणजे त्या अरुंद घळीतून जाताना कडेला खडकात कोरलेली पन्हळ दिसते. पेट्रा वसवणाऱ्या नबाती लोकांनी ऐन मूसाचं पाणी अशा पन्हळींतून आणि मातीच्या नळांतून शहरात आणलं होतं. मुलांना ती बोटाने दाखवा. समोरच्या डोंगरमाथ्यावर पांढरा ठिपका दिसतो ती मोशेचा भाऊ अहरोन याची कबर मानतात. वर जाऊन यायला पूर्ण दिवस आणि वाटाड्या लागतो, तेव्हा तुम्ही लांबूनच बघा.

परत येताना मात्र डेझर्ट हायवे नको. ‘किंग्ज हायवे’ नावाच्या जुन्या राजमार्गाने या. याच राजमार्गाने जाऊ दे, शेतात शिरणार नाही, विहिरीचं पाणीही पिणार नाही, अशी विनवणी मोशेने इथल्या तेव्हाच्या अदोम राज्याच्या राजाकडे केली होती आणि राजाने ती धुडकावली. आज तुम्ही त्या वाटेने मोकळेपणाने गाडी चालवता. वेळ दुप्पट लागतो, वळणं पोटात कालवतात, उलटीची गोळी जवळ ठेवा. केरक गावाच्या पुढे मवाब या बायबलमधल्या जुन्या राज्याचं पठार लागतं, वसंतात तिथे गव्हाची शेतं हिरवी असतात. बायबलमधली रूथ इथली. सासू नामीबरोबर ती बेथलेहेमला निघाली ती या पठारावरून. आणि मग अचानक जमीन संपते आणि वादी मुजिबची प्रचंड दरी समोर येते. बायबलमधली अर्णोन नदी ती हीच. मवाबची सीमा नेमकी इथे का होती, हे कुठल्याही नकाशापेक्षा त्या कठड्यापाशी उभं राहून कळतं. तळाशी आता धरण आहे. दरडी कोसळून हा रस्ता कधीकधी बंद असतो, म्हणून निघण्याआधी ड्रायव्हरला विचारून घ्या.

नबोला सकाळी जा. वर चालायचा रस्ता थोडकाच आणि पक्का आहे, सावकाश चाललं तर गुडघेदुखी असलेल्यांनाही जमतो. फ्रान्सिस्कन संन्याशांनी इथलं जुनं चर्च खणून काढून जपलं आहे. त्यातल्या सहाव्या शतकातल्या मोझेकमध्ये शहामृग आणि झेब्रा शोधायला मुलांना सोडून द्या. मग कठड्यापाशी या. खाली मृत समुद्र, पलीकडे यरीहो, हवा स्वच्छ असेल तर यरुशलेमही. आमच्या पप्पांनी तिथे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 34 वा अध्याय, मोशेच्या मृत्यूचा, मराठीत मोठ्याने वाचला. माझ्या मुलीने विचारलं, ‘इतकं चालवून देवाने त्याला आत का नाही जाऊ दिलं?’ आणि कोणी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘त्या खडकामुळे.’ पप्पांनी तिला जवळ घेतलं आणि पुढे वाचलं. मी एवढं आग्रहाने दक्षिणेकडून या म्हणते ते यासाठीच.

मादाबा तिथून अगदी जवळ. सेंट जॉर्ज चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातला पवित्र भूमीचा मोझेक नकाशा आहे. बराच भाग नाहीसा झालाय, पण यार्देन नदीच्या मुखाशी वाकून बघा: एक मासा मृत समुद्राच्या खारट पाण्यापासून तोंड फिरवून उलटा, प्रवाहाविरुद्ध निघालाय. कोणा कारागिराने चौदाशे वर्षांपूर्वी खडे जुळवून केलेला. रविवारी सकाळी उपासना असते, त्या वेळी बघायला जाऊ नका.

अल-मगतस, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याची जागा, शेवटी ठेवा. नबोवरून उतरताना हजार मीटरहून जास्त खाली यावं लागतं, कानांना दडे बसतात. इस्रायलबरोबरच्या 1994 च्या शांतता करारापर्यंत हा लष्करी पट्टा होता. 2015 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आत तिथलीच बस नेते, पुढे उन्हात चालायचं असतं, टोपी आणि पाणी हवंच. यार्देन बघून आईवडिलांचा विरस होऊ शकतो, त्यांना आधीच सांगून ठेवा. नदी काही मीटर रुंद आणि मातकट आहे, कारण तिचं पाणी इस्रायल, सीरिया आणि जॉर्डन यांनी वरच उचललंय. पलीकडच्या काठावर पांढऱ्या झग्यातले यात्रेकरू इतके जवळ असतात की त्यांचं गाणं ऐकू येतं. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याच्याबरोबर लोक नदी ओलांडून गेले, एलीया संदेष्टा स्वर्गात घेतला गेला, योहानाने येशूला बाप्तिस्मा दिला, हे सगळं याच पट्ट्यात झालं असं मानतात.

लोटाची गुहा आणि मुकाविरचा हेरोदाचा किल्ला चढणीमुळे तुम्ही गाळा. मृत समुद्रात मुलांना पाठीवरच तरंगू द्या, डोळ्यांत पाणी गेलं तर फार झोंबतं.

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरे. पावसाचा इशारा असेल तर कुठल्याही घळीत शिरू नका, लोंढे क्षणात येतात. जॉर्डन पास घरूनच ऑनलाइन घ्या. किमान तीन रात्री राहणाऱ्यांना व्हिसाचं शुल्क माफ होतं आणि पेट्राचं तिकीट त्यातच येतं. नबोचं वेगळं काढावं लागतं. व्हिसाचे नियम आणि त्या भागातली परिस्थिती बदलत असते, म्हणून बुकिंगआधी आणि निघण्याआधी, दोन्ही वेळा भारत सरकारच्या सूचना बघा. शेवटचे मुक्काम अम्मानऐवजी मादाब्यात ठेवा. नबो, मगतस आणि मृत समुद्र तिथूनच होतात, आणि विमानतळ अर्ध्या तासावर आहे.