रॅम माशांच्या जोडीतील नराच्या अंगावर पांढरे ठिपके आले आहेत आणि दगडावर अंडीही आहेत; उपचार कसे करावेत?

तुम्ही लिहिल्याप्रमाणे 60 लिटरच्या टाकीत रॅम सिक्लिडची जोडी आहे, नराच्या शेपटीवर आणि परांवर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसू लागले आहेत, तो मधूनमधून वाळूवर अंग घासतो आहे आणि मादीने कालच सपाट दगडावर अंडी घातली आहेत. नराला वेगळे काढावे का आणि टाकीत औषध घातले तर अंड्यांचे काय होईल, हा तुमचा प्रश्न आहे. नराला वेगळे काढू नका, उपचार संपूर्ण टाकीवर करा आणि या खेपेच्या अंड्यांचा मोह सोडा, असे माझे उत्तर आहे.

मात्र त्याआधी रोग तोच आहे याची खात्री करून घ्या. खोलीतला दिवा मालवून टाकीच्या बाजूने, माशाच्या अंगावर तिरपा पडेल असा टॉर्चचा प्रकाश टाका. सुटे सुटे, मोजता येतील असे आणि किंचित उंचवटा असलेले पांढरे दाणे दिसले, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजेच ज्याला आपण सगळे ‘इक’ म्हणतो तोच समजावा. दाण्यांऐवजी सोनेरी-पिवळसर भुकटी शिंपडल्यासारखी झाक दिसली, तर तो व्हेल्व्हेट नावाचा दुसरा परजीवीजन्य रोग असतो आणि त्यात टाकी काही दिवस अंधारात ठेवण्याचा उपयोग होतो. तोंडाभोवती किंवा पाठीवर कापसासारखा करडा-पांढरा थर असेल, तर मात्र थांबा. तो बहुधा कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूजन्य रोग असतो, बुरशी नसते, आणि पाणी तापवल्याने तो अधिक वेगाने पसरतो. म्हणजे इकवरचा नेहमीचा उपाय या माशाचा जीव घेऊ शकतो. विणीच्या दिवसांत आणखी एक गल्लत होते: मादीच्या गुदद्वारापाशी बाहेर आलेली बोथट पांढरट नळी अंडी घालण्यासाठीची असते, तिला कृमी समजून औषध घालू नये. अंडी राखणारे पालक खाणेही कमी करतात, त्यामुळे केवळ त्यावरून ते आजारी आहेत असे ठरवता येत नाही.

आता नराला वेगळे का काढायचे नाही ते सांगतो. दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली शिरून वाढत असलेला एकपेशीय परजीवी असतो. तिथे असेपर्यंत त्याला कोणतेही औषध पोहोचत नाही. पूर्ण वाढ झाली की तो गळून पडतो, वाळूला, दगडाला किंवा पानाला चिकटतो, स्वतःभोवती कवच तयार करतो आणि आत विभागला जाऊन शेकडो पिल्ले सोडतो. ही पोहणारी पिल्ले एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात, आणि औषधाचा घाव बसतो तो याच अवस्थेवर. म्हणजे नराच्या अंगावर ठिपके दिसले त्या दिवशीच तुमची वाळू, तो दगड आणि बहुधा मादीचे कल्लेही बाधित झालेले असतात. मी स्वतः एकदा नराला झाकणाच्या डब्यात हलवण्याची घाई केली होती. चौथ्या दिवशी मादीच्या परांवर दाणे उमटले ते उमटलेच, शिवाय दहा दिवसांनी नराला परत सोडल्यावर तिने त्याला परका समजून इतके पिटाळले की त्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. जोडी जमायला महिने लागतात, मोडायला आठवडाही पुरतो.

रॅम हा ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला, उबदार पाण्यात राहणारा मासा असल्यामुळे उष्णतेचा उपाय त्याला सोसतो आणि माझी पहिली पसंती त्यालाच आहे. तुमच्या टाकीत आता 27 अंश असतील तर दीड-दोन दिवसांत हळूहळू 30 अंशांवर न्या आणि तिथेच ठेवा. या तापमानात परजीवीचे चक्र लवकर पूर्ण होते आणि बहुतेक वेळा त्याची पुढची वाढ खुंटते. मात्र गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: 25 अंशांना लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसात. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण ज्याच्या कल्ल्यांवर आधीच परजीवी बसले आहेत त्या माशाला तो जाणवतो, म्हणून एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा सच्छिद्र दगड) चालू ठेवा आणि पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता राहू द्या. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर टाका. एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदला. नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीइतकेच कोमट असावे. पाणी उपसताना नळीचे तोंड वाळूवरून फिरवा, कारण कवचात बसलेले परजीवी तिथेच असतात. शेवटचा ठिपका गेल्यावर लगेच उपचार थांबवणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे; त्यानंतरही किमान आठवडाभर तापमान तसेच राहू द्या, म्हणजे एकूण दोन आठवडे धरून चला.

अंड्यांबद्दल थोडे मोकळेपणाने लिहितो. उष्णतेने अंड्यांना धोका नाही, 28 ते 30 अंशांत रॅमची अंडी दोन ते तीन दिवसांत फुटतात आणि पुढे चार-पाच दिवसांनी पिल्ले पोहू लागतात. धोका वेगळाच आहे. आजारी पालक अंडी बऱ्याचदा स्वतःच खाऊन टाकतात, आणि पिल्ले निघालीच तर ती परजीवीने भरलेल्या पाण्यात निघतात. दगडासकट अंडी दुसऱ्या भांड्यात नेऊन, पाणी फिकट निळे होईल इतके मिथिलीन ब्लू घालून आणि शेजारी एअर स्टोन सोडून ती फोडता येतात. निळ्या रंगामुळे निष्फळ अंड्यांवरची बुरशी शेजारच्या अंड्यांवर सरकत नाही. पण तो दगडही बाधितच असतो आणि मिथिलीन ब्लू मुख्य टाकीत सांडले तर फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू मरतात. तुमच्याकडे तयार भांडे आणि पिल्लांसाठी सूक्ष्म अन्न नसेल तर या फंदात पडू नका. निरोगी जोडी काही आठवड्यांत पुन्हा अंडी घालते.

तीन-चार दिवसांनंतरही ठिपके वाढत असतील किंवा नर पृष्ठभागाशी येऊन भराभर श्वास घेऊ लागला असेल, तर मॅलेकाइट ग्रीन किंवा मॅलेकाइट ग्रीन व फॉर्मेलिन यांचे मिश्रण वापरावे लागेल. त्या वेळी अंडी किंवा पिल्ले टाकीत असतील तर ती गेली असे धरा. फॉर्मेलिनमुळे पाण्यातला प्राणवायू आणखी घटतो, म्हणून औषध घालण्याआधी तापमान 27-28 अंशांवर आणा. फिल्टरमधला कोळसा काढा, नाहीतर तो औषध शोषून घेईल. गोगलगायी आणि झिंगे असतील तर त्यांना आधीच वेगळ्या पाण्यात हलवा. हातमोजे घाला, कारण मॅलेकाइट ग्रीन माणसालाही निरुपद्रवी नाही. आणि मात्रा काढताना टाकीवर लिहिलेला आकडा घेऊ नका: आतून 60 सेंटीमीटर लांब आणि 30 सेंटीमीटर रुंद टाकीत पाणी 30 सेंटीमीटर उंच असेल तर ते 54 लिटर भरते, आणि वाळू व दगडांची जागा वजा केली की 47-48 लिटरच उरते. बाटलीवरची मात्रा या आकड्याला लावा, 60 ला नव्हे. रॅमसारख्या नाजूक माशाला एवढ्या फरकानेही त्रास होऊ शकतो.

उपचार चालू असताना अमोनिया रोज तपासा. औषधाने जिवाणू दुबळे झाले की अमोनिया वाढतो, आणि पाणी जितके गरम व अल्कधर्मी तितका तो अधिक विषारी ठरतो. खाणे निम्म्यावर आणा. नराची विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी दिसू लागली व पोट आत गेले, तर तो पोटातल्या परजीवींचा वेगळा आजार आहे. त्यावर मेट्रोनिडाझोल हे औषध आहे, इकच्या औषधाने तो बरा होत नाही.

सगळे ठीक झाल्यावर तापमान पुन्हा 27-28 वर उतरवताना घाई करू नका, आणि तो सपाट दगड तीन-चार आठवडे टाकीबाहेर ठेवा. आवडती जागा नसली की जोडी बहुतेकदा थोडी थांबते, आणि तेवढ्यात मादीचे पोट पुन्हा भरून येते.