म्युनिकला येतेस तर शेगडीपासून सुरुवात कर

नवऱ्याची म्युनिकची नोकरी पक्की झाली, लेक दुसरीत जाईल, तर सामानात काय काय भरू, तिकडच्या जिनसांवर आपला रोजचा स्वयंपाक भागतो का आणि करमतं का, असं तू विचारलंस. 'ताई' म्हणून लिहिलंस, तेव्हा मी हक्काने अगंतुगं करते. व्हिसा, विमा, पत्त्याची नोंदणी यांचं सगळं सरकारी पानांवर आहे, ते मी परत सांगत बसत नाही. तिथे न लिहिलेली गोष्ट अशी की इथे भाड्याचं घर म्हणजे पुष्कळदा नुसत्या भिंती. ओटा, सिंक, शेगडी आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन जातो, नाहीतर तुमच्याच गळ्यात मारायला बघतो. आम्ही सुरुवातीला बाथरूममध्ये भांडी घासलीत.

आता शेगडी. गॅस क्वचितच असतो. साधी काचेची असेल तर बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, दूध उतू जातं ते तिथेच. इंडक्शन असेल तर तुझा ॲल्युमिनियमचा कुकर निकामी, आणि फोडणीचं कढलं लोखंडी असलं तरी त्याचं बूड एवढंसं की शेगडी त्याची दखलच घेत नाही. म्हणून मी वरून फोडणी देणंच सोडलं. पातेल्यात आधी तेल, मोहरी, हिंग, लसूण, मग तुर्की दुकानातली लाल मसूर नि पाणी. पंधरा-वीस मिनिटांत आमटी तयार, कुकरची गरज नाही. चिंचेऐवजी टोमॅटो, शेवटी गोडा मसाला. तुरीची चव येत नाही, येणारही नाही. पण कामावरून सातला घरी आल्यावर चालते. आणि दुकानं आठला बंद, रविवारी तर सगळं ठप्प, तेव्हा कढीपत्ता नि खोवलेला नारळ फ्रीझरमध्ये हवाच.

काही बाबतीत मात्र इथे चंगळ आहे. नवलकोल कोवळा मिळतो. शेपू सुपरमार्केटात चिमूटभर, माशावर घालण्यापुरता. भाजीसाठी तुर्की दुकानात जा, तिथे मोठ्या जुड्या असतात. बटाट्याच्या पिशवीवर रंग बघायला शीक: निळा म्हणजे पिठूळ, वड्यांना, हिरवा म्हणजे शिजूनही फोड न मोडणारा, रश्श्याला. हे कळेपर्यंत माझी प्रत्येक बटाट्याची भाजी लगदा व्हायची. नि श्रीखंड! चक्का टांगायचा व्याप नाही. क्वार्क म्हणजे इथला चक्क्यासारखा ताजा मऊ दुधाचा प्रकार, त्याचा ४० टक्केवाला डबा घे (ते ४० टक्के कोरड्या भागातलं, प्रत्यक्षात स्निग्धांश दहा-अकराच), दोनेक तास फडक्यात निथळू दे, पिठीसाखर, केशर, झालं. बिनसायीचा घेऊ नकोस, रवाळ लागतो. पोळीला मात्र तडजोड करू नकोस. इथलं गव्हाचं पीठ आपल्या चक्कीच्या पिठाइतकं पाणी पीत नाही, पोळी गार झाली की पापड. भारतीय दुकानातून दहा किलोचं पोतं उचल.

आता डब्याचं सांगते, खरं म्हणजे त्यासाठीच एवढं लिहायला बसले.

लेक दुसरीत असताना मी डब्यात पोळी नि मेथीची भाजी द्यायचे. एक दिवस दप्तरातल्या निरोपांच्या फायलीत बाईंची चिठ्ठी: मधल्या सुट्टीत कृपया उग्र वासाचे पदार्थ देऊ नयेत. फार सभ्य भाषेत. आमच्या कागदपत्रांच्या घोळामुळे हजेरीपटावरही लेकीच्या पहिल्या नावाला तिच्या बापाचं नाव जोडलेलं होतं, म्हणजे सात-आठ वर्षांच्या पोरीला सगळा वर्ग बापाच्या नावासकट हाक मारायचा. ते बदलायला मी खेटे घातले, नाही बदललं. पासपोर्टवर असेल तेच खरं. तू निघण्याआधीच पासपोर्टवर नाव कसं फोडलंय ते तपासून घे.

चिठ्ठीनंतर मी श्पेत्स्ले, म्हणजे इकडच्या अंड्याच्या जाडसर शेवया, करायला शिकले. चारशे ग्रॅम मैदा, चार अंडी, पाणी, मीठ. सैलसर घोळ भोकाच्या चाळणीतून उकळत्या पाण्यात पाडायचा, वर तरंगलं की काढायचं. इथे त्यावर चीज घालतात. मी जिरं, हळद, बारीक चिरलेला कोबी नि मिरपूड यांवर परतायचे. बाहेरून जर्मन, आतून कोबीची भाजी. चिठ्ठी परत आली नाही. चुलतबहिणीला मी मोठ्या कौतुकाने 'फ्यूजन' म्हणून फोटो पाठवायचे, पण खरं कारण वेगळंच होतं. लसूण मी लेकीसाठी कमी केला नव्हता, बाईंसाठी केला होता.

आणि एवढं करून चौथीच्या शेवटी काय? बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या या राज्यात, चौथीतच ठरतं पोरं कुठल्या शाळेत जाणार. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हींची सरासरी २.३३ पर्यंत असली तर गिम्नाझिउम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा. इथे १ म्हणजे उत्तम. लेकीला गणितात २, बाकी दोन्हींत ३, सरासरी २.६६. एका गुणाने रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. तिथे ती मजेत आहे, पुढेही रस्ते आहेत, सगळं मान्य. पण नऊ-दहा वर्षांच्या पोरीचं घरी मराठी बोलणं कोणत्या रकान्यात धरलं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तुझ्या लेकीला आत्तापासून जर्मन लाव. नि डब्यात तिला आवडेल ते दे. चिठ्ठी आलीच तर बाईंना जाऊन भेट, मी गेले नव्हते.

करमतं का म्हणशील, तर नोव्हेंबरात नाही करमत. बाकी वर्षभर वेळच नसतो.

सामानात गोडा मसाला, हिंग, आमसुलं, जाड बुडाचा लोखंडी सपाट तवा. पेढे, तूप वगैरे दुधाचं काही भरू नकोस, विमानतळावर काढून घेतात. तूप इथे लोण्याच्या शेजारीच मिळतं. खोलगट तवाही नको, काचेवर नुसता डुगडुगतो. घरमालकाला मात्र आजच मेल कर, ओटा आहे का आणि शेगडी इंडक्शन की साधी. उत्तर आलं की कुकर कोणता आणायचा ते सांगते.