दिवाणाखालचं चिलखत

मिरजेहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी विज्ञान शाखेत. दहावीला नव्वद टक्के मिळाले तर मागशील ते देईन, असं इंग्लंडमधल्या मामाने कबूल केलं होतं. मुलाने ‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या सैनिकाचं, म्हणजे स्टॉर्मट्रूपरचं, अंगात घालता येईल असं चिलखत मागितलं. ते तयार नव्हे, सुट्या भागांचं किट आलं आणि गेले तीन महिने घरात पांढऱ्या प्लॅस्टिकचे तुकडे, चिमटे आणि गोंदाचा वास आहे. सहामाहीत फिजिक्सला 70 पैकी 31 मिळाले. वडील आठ दिवस मुलाशी बोललेले नाहीत. आई घरी शिवणकाम करतात. त्यांचा प्रश्न असा : “हे वेड सोडवायचं कसं? की यातून याचं पुढे काही होऊ शकतं?”

ताई,

तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी थांबलो, ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलं आहे. “माझ्या डब्यातली टिचबटणं आणि इलॅस्टिक संपवलं, आणि वर मलाच विचारतो, आई, मुंढ्यापाशी घट्ट न होता हात वर कसा जाईल?” मुलाची गुणपत्रिका तुम्ही पत्रासोबत जोडली आहे. माझ्या दृष्टीने त्याची खरी गुणपत्रिका हे वाक्य आहे.

तुमच्या दिवाणाखाली काय आहे ते आधी सांगतो, कारण त्याच्या बाबांना ते महागडं खेळणं वाटतं आहे. एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचा साधारण दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा तापवून मऊ करतात, साच्यावर पसरतात आणि खालून हवा ओढून घेतात. पत्रा साच्याला चिकटून बसतो. याला व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणतात. छाती, पाठ, पोट, खांदे, दंड, मनगटापर्यंतचे हात, मांड्या, नडग्या आणि शिरस्त्राण असे सगळे भाग असेच निघतात आणि बहुतेक किटांत ते कडांना जास्तीचं प्लॅस्टिक तसंच ठेवून खोक्यात येतात. ते कुठे कापायचं हे किट बनवणारा नेमकं सांगू शकत नाही, कारण घालणाऱ्याचं अंग त्याने पाहिलेलं नसतं. किट एका मापाचं, मुलं शंभर मापांची.

म्हणून पहिल्याच दिवशी कापून चालत नाही. दंड आणि मांडीच्या दोन अर्ध्या पाट्या कागदी चिकटपट्टीने अंगावर बांधायच्या, हलून बघायचं, खूण करायची, थोडी माया ठेवून कापायचं, पुन्हा बांधायचं. तुम्ही ब्लाउजला कच्ची शिलाई घालून ट्रायल घेता, तेच हे. फरक एवढाच की कापड उसवता येतं, प्लॅस्टिक उसवता येत नाही. दोन अर्धी जोडताना कडेला कड लावून आतून-बाहेरून पट्टी चिकटवतात. त्याचा गोंद पूर्ण पकडायला एक दिवस, कधी दोन-तीन दिवस घेतो. तोवर चिमटे आणि लोहचुंबक लावून ठेवायचे. झटपट गोंद वापरला तर सांधा कडक होतो आणि पाय वाकवताना तडकतो. नडगीची वरची कड गुडघ्याच्या मागे रुतत असेल तर ती गरम पाण्यात धरून हलकेच बाहेर वळवायची. उष्णता जरा जास्त झाली की भाग कायमचा वाकडा होतो.

उजव्या मांडीचा भाग त्याने जास्त कापला, आणि रात्री दीडला तो अंधारात बसलेला तुम्हाला दिसला, असं तुम्ही लिहिता. दुसऱ्या दिवशी उरलेल्या तुकड्यांचा चुरा अॅसिटोनमध्ये विरघळवून त्याने लगदा केला, आतून पट्टी लावली, फट भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली, आणि आता जोड दिसत नाही. हे त्याला शिकवलं कोणी? वाचून शिकला असेल, पण हात त्याचा होता. पुढे काय शिकायचं हे विचारायला माझ्यासमोर दरवर्षी शंभरेक मुलं बसतात. चूक झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच चुकीपाशी परत बसणारी फार थोडी भेटतात.

आता तुम्हाला न आवडणारं नाही, त्याला न आवडणारं सांगतो. चिलखत बनवणं हा पगाराचा व्यवसाय होईल या भरवशावर त्याने राहू नये. हे चिलखत घालणाऱ्यांची जगातली सर्वांत मोठी संघटना म्हणजे 501 वी लीजन. अमेरिकेतल्या अल्बिन जॉन्सन यांनी ती 1997 मध्ये सुरू केली. तिथे चिलखताची बारकाईने तपासणी होते, पण सभासद रुग्णालयांत आणि मदतनिधीच्या कार्यक्रमांत जातात ते मानधन न घेता. शिवाय सभासद व्हायला अठरा वर्षं पूर्ण लागतात. तेव्हा बोर्डाच्या परीक्षेआधी चिलखत पुरं करण्याची घाई त्याला कशासाठी आहे, हे त्याने मला सांगावं.

मित्रांनी “आम्हालाही बनवून दे” म्हटल्यावर तो ऑर्डरी घ्यायच्या विचारात आहे, असंही तुम्ही लिहिता. त्याला थांबवा. स्वतःसाठी एक बनवणं वेगळं आणि दुसऱ्याच्या पात्राच्या नकला विकणं वेगळं. चित्रपटासाठी हे शिरस्त्राण बनवणाऱ्या कारागिराने पुढे त्याच्या नकला विकल्या, तेव्हा चित्रपटाच्या कंपनीने त्याच्यावर केलेला खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 2011 मध्ये न्यायालयाने ठरवलं की हे शिरस्त्राण शिल्प नाही, चित्रपटासाठी केलेली वापराची वस्तू आहे, म्हणून शिल्पाचा स्वामित्वहक्क तिला लागू नाही, आणि त्यामुळे तिथे कारागिराची बाजू टिकली. अमेरिकेतला स्वामित्वहक्काचा प्रश्न मात्र वेगळा राहिला. सतरा वर्षांच्या मुलाने या वाटेला जाऊ नये. विकायचंच असेल तर स्वतः कल्पिलेलं काही बनवावं.

पण त्या खटल्यातले कारागीर कोण होते, हे त्याला जरूर सांगा. त्यांचं नाव अँड्र्यू एन्सवर्थ. लंडनजवळ ट्विकनहॅमला त्यांचं छोटं वर्कशॉप होतं आणि ते व्हॅक्यूम फॉर्मिंगने प्लॅस्टिकच्या वस्तू बनवत, बागेतल्या माशांच्या तळ्यांपासून होडक्यांपर्यंत. चित्रपटासाठी पन्नास शिरस्त्राणं त्यांनी त्याच हातांनी काढली. अंगावरच्या चिलखताचे मूळ आकार ब्रायन म्युर या शिल्पकाराने मातीत घडवले होते. म्हणजे ज्या गोष्टीने तुमच्या मुलाला वेड लावलं, तिच्यामागे एक मातीकाम करणारा आणि एक तळी-होडकी बनवणारा उभा आहे. तुमच्या मिरजेत भोपळ्यापासून तंबोरा घडवणाऱ्यांची घरं आहेत. त्यांच्यापैकी कुणाला हा मुलगा परका वाटेल असं मला वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीबरोबर मी कृत्रिम अवयव बनवणारी एक कार्यशाळा बघायला गेलो होतो. पायात जोर नसलेल्या मुलासाठी आधार, आपण ज्याला कॅलिपर म्हणतो तसा, पण प्लॅस्टिकचा, बनत होता. आधी पायावर ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळून माप घेतलं. त्या पोकळीत प्लॅस्टर ओतून पायाची प्रतिकृती काढली. मग तंत्रज्ञ बाई कानस घेऊन बसल्या. जिथे हाड वर आहे, उदाहरणार्थ घोट्याशी, तिथे थोडं प्लॅस्टर चढवलं, म्हणजे आधार तिथे टेकणार नाही. जिथे मांस दाब सहन करतं, तिथे थोडं घासून काढलं. मग पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा भट्टीत इतका तापवला की तो पांढऱ्याचा पारदर्शक झाला. दोघांनी तो उचलून प्रतिकृतीवर टाकला, शिवण दाबली आणि व्हॅक्यूम सुरू केला. पत्रा चपकन बसला. थंड झाल्यावर कापला, कडा गुळगुळीत केल्या, पट्टे आणि वेल्क्रो लावले. मुलाला घालून चालवलं. तो म्हणाला, इथे टोचतंय. बाईंनी तिथे खूण केली, कड तापवून बाहेर वळवली.

ताई, तुमचं पत्र वाचताना मला ती दुपार आठवली. तुमचा मुलगा नडगीच्या कडेशी जे करतो आहे, तेच काम. तिथे ते चुकलं तर एखाद्याच्या पायाला जखम होते आणि नीट झालं तर तो माणूस चालत घरी जातो.

या शिक्षणाला प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्स, म्हणजे कृत्रिम अवयव आणि आधार बनवण्याचं शास्त्र, म्हणतात. पदवीला बीपीओ (बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स) असं नाव आहे : चार वर्षं अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. कटकजवळ ओलतपूरला आणि कोलकात्यात केंद्र सरकारच्या संस्था आहेत. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि त्यासोबत बायोलॉजी किंवा गणित असलेल्या मुलांना ही वाट खुली असते. तरी त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक मागवून विषयांची आणि प्रवेशपरीक्षेची अट स्वतः वाचा, माझ्या शब्दावर जाऊ नका. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय हे काम करता येत नाही, म्हणून अभ्यासक्रम परिषदेने मान्य केलेला आहे ना, हे सगळ्यात आधी बघा. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरमधल्या मुलांसारखा नसतो, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. पण रुग्णालयं, पुनर्वसन केंद्रं आणि पुढे स्वतःचं क्लिनिक, असं काम या माणसांना मिळतं. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून चालू आहे.

जयपूर फूट तर सगळ्यांना ठाऊक आहे. 1968 च्या सुमारास तो पाय घडवताना अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या सोबत रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते, त्यांना मास्टरजी म्हणत. शाळेचं शिक्षण फारसं नाही, हातात मात्र मूर्तिकाराची नजर. डॉक्टरांना शरीर कळत होतं, मास्टरजींना रबर आणि साचा कळत होता. तुमच्या मुलाला शिकून ही दोन्ही माणसं एकाच अंगात आणता येतील.

दुसरी वाट डिझाइनची. आयआयटी मुंबईतल्या आयडीसी या डिझाइन विभागामध्ये चार वर्षांची डिझाइनची पदवी आहे. तिथे यूसीड परीक्षेतून जाता येतं आणि बारावीची कोणतीही शाखा चालते. अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, परीक्षा वेगळी. दोन्हीकडे चित्रकला लागते, ती त्याला येते का हे पत्रात नाही. प्लॅस्टिक आणि साच्यांचंच शास्त्र आवडलं तर बी.एस्सी. करून सिपेट या केंद्र सरकारच्या प्लॅस्टिक संस्थेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, छत्रपती संभाजीनगरला त्यांचं केंद्र आहे. चित्रपटासाठीच काम करायचं असेल तर पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेमध्ये कला दिग्दर्शनाचा अभ्यासक्रम. मला स्वतःला त्याच्यासाठी पहिली वाट सर्वांत जवळची वाटते, आणि ते मी लपवत नाही.

यातल्या बहुतेक वाटा बारावीच्या दारातून जातात. 31 गुण घेऊन ते दार उघडणार नाही. इथे मी त्याच्या बाबांच्या बाजूने आहे. किट जप्त मात्र करू नका. जप्त केलं तर तो पुस्तकासमोर बसेल आणि मनाने दिवाणाखाली असेल. त्याऐवजी गोंदालाच वेळापत्रक करू द्या. शनिवारी संध्याकाळी दोन तास, एक सांधा. चिमटे लावले की रविवार संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही, लावला तर सांधा सरकतो हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ते चोवीस तास फिजिक्सचे. आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून परीक्षा संपेपर्यंत खोकं बंद, हे त्याने स्वतः लिहून द्यावं.

एक गोष्ट मात्र आजच बदला. तो हे सगळं झोपायच्या खोलीत करतो. अॅसिटोन आणि त्या गोंदाची वाफ रात्रभर श्वासात जाणं बरं नाही. काम गच्चीत किंवा उघड्या व्हरांड्यात व्हायला हवं, घासताना मास्क हवा, आणि अॅसिटोनची बाटली गॅसपासून आणि देवघरातल्या समईपासून दूर राहायला हवी.

बाबांना माझं पत्र वाचून दाखवू नका. एखाद्या रविवारी मुलाला सांगा, बाबांच्या हाताचं माप घेऊन मनगटापासून कोपरापर्यंतचा एक भाग त्यांना बसेल असा पुठ्ठ्यावर आखून दाखव. माप घेताना दोघांना एकमेकांजवळ बसावं लागेल आणि “इथे घट्ट होतंय का?” हे तरी विचारावं लागेल.

मला त्याच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. उजव्या मांडीच्या त्या भागाचे आतल्या बाजूने काढलेले फोटो, कारण बाहेरचा जोड दिसत नाही म्हणता, मला आतली पट्टी बघायची आहे. आणि एका पानावर, स्वतःच्या हाताने : कुठे चुकलं, का चुकलं, पुन्हा करताना काय बदललं. उरलेलं इलॅस्टिक मुंढ्यापाशी कसं लावायचं ते तुम्ही त्याला सांगितलंत की नाही, तेही कळवा.