हॉरर आणि हर्ष ही सख्खी भावंडं

प्रश्न असा आहे: शर्ली जॅक्सन यांची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' (१९५९) ही कादंबरी आणि तिच्यावरचे चित्रपट यांवर मराठीत प्रबंध लिहायचा आहे. शीर्षकात 'अमेरिकन भयानक साहित्य आणि चित्रपटीय रूपांतरे' चालेल का?

नाही चालणार. भयानक उकाडा, भयानक गर्दी म्हणतो तसं 'भयानक साहित्य' म्हणजे वाचवत नाही इतकं वाईट साहित्य. सरळ 'भयसाहित्य' म्हणा. आणि प्रबंधात 'बीभत्स' येणारच, तर तो 'अश्लील' या अर्थाने वापरू नका. बीभत्स म्हणजे किळस आणणारं. बातम्यांत 'बीभत्स हावभाव' वाचून वाचून जीव विटला आहे, त्यातही निम्म्या वेळा 'बिभत्स' छापलेलं असतं.

आता खरी गंमत. 'हॉरर' हा शब्द मुळात भीतीचा नाहीच, तो केसांचा आहे. लॅटिन 'होरेरे' म्हणजे केस ताठ उभे राहणे. त्याचा संस्कृतातला सख्खा भाऊ म्हणजे 'हृष्' धातू, ज्यातून आपला 'हर्ष' आला! हर्षाचाही जुना अर्थ अंगावरचे केस उभे राहणे हाच. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला कापरं भरतं तिथे 'रोमहर्ष' आहे, आणि शेवटच्या अध्यायात संजय भारावून जातो तिथेही संवाद 'रोमहर्षण' आहे. भरतमुनींनी रोमांचाची कारणं सांगताना भय, थंडी आणि हर्ष एकाच ओळीत बसवले. जवाचं लॅटिन नाव 'होर्डियम' हेही अनेक व्युत्पत्तिकार याच मुळाशी नेतात. जवाचं कणीस हातात धरून बघा, सगळी कुसळं ताठ. आपण 'अंगावर काटा आला' म्हणतो ते याहून वेगळं काय आहे?

म्हणूनच अमेरिकी तत्त्वज्ञ नोएल कॅरल यांच्याशी माझं भांडण आहे. त्यांचा 'द फिलॉसफी ऑफ हॉरर' (१९९०) हा ग्रंथ भयसाहित्याच्या अभ्यासात सगळे उद्धृत करतात. 'होरेरे' त्यांनीही दिला, पण ते लॅटिनपाशीच थांबले आणि हॉरर म्हणजे भय अधिक किळस, तीही विज्ञानात न बसणाऱ्या राक्षसाबद्दल, अशी व्याख्या केली. आपल्या रसांच्या भाषेत भयानक अधिक बीभत्स. या मापात हिचकॉक यांचा 'सायको' हा चित्रपट बसत नाही, कारण त्यातला खुनी माणूसच आहे, हे त्यांनाही मान्य करावं लागलं. मग इतकी किळस येते तर लोक तिकीट काढून का जातात? या कोड्यासाठी त्यांनी कुतूहल बाहेरून आणलं. अहो, हर्ष धातूतच होता!

जॅक्सन यांच्या कादंबरीतल्या झपाटलेल्या घरात, हिल हाउसमध्ये, राक्षस दिसतो कुठे? अंधारात एलिनॉर शेजारच्या थिओडोराचा हात घट्ट धरून पडली आहे. दिवा लागतो, तर थिओडोरा खोलीच्या पलीकडच्या बाजूला. मग मी कुणाचा हात धरला होता? किळस येण्यासारखं इथे काहीही नाही, आणि काटा मात्र मानेपर्यंत येतो. रॉबर्ट वाइज यांनी १९६३ च्या चित्रपटात हे ओळखलं होतं. भूत दाखवलंच नाही, फक्त एक जाड लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं, श्वास घेतल्यासारखं. १९९९ च्या चित्रपटात संगणकावर भूत घडवून पडद्यावर आणलं, आणि काटा गेला.

शीर्षकातल्या 'चित्रपटीय रूपांतरां'बद्दलही सांगतो. मराठी रंगभूमीवर 'रूपांतर' म्हणजे परक्या नाटकाला इथली माणसं, इथलं गाव देणं. वाइज यांनी घर अमेरिकेतच ठेवलं, बदललं ते माध्यम. तिथे 'माध्यमांतर' लिहा.