तीन-चार वेब सर्व्हर, डेटाबेस एकच: आधी हे करा

सगळ्यात आधी मायएसक्यूएल डेटाबेसचा ३३०६ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. सगळे सर्व्हर एकाच होस्टिंग कंपनीकडे असतील तर खासगी नेटवर्क वापरा, वेगवेगळीकडे असतील तर वायरगार्डचा (व्हीपीएनचा एक प्रकार) बोगदा टाका. मायएसक्यूएलचा बाइंड-अ‍ॅड्रेस (डेटाबेस कोणत्या आयपीवर कनेक्शन घेईल ते ठरवणारी सेटिंग) त्या खासगी आयपीवर ठेवा आणि फायरवॉलमध्ये फक्त तुमच्या वेब सर्व्हरचे आयपी चालू द्या.

प्रत्येक वेब सर्व्हरला वेगळा युजर द्या, होस्टच्या जागी '%' (म्हणजे कुठूनही) न टाकता नेमका आयपी लिहा. अधिकार त्या साइटच्या डेटाबेसपुरतेच. युजरवर 'रिक्वायर एसएसएल' (कनेक्शन एन्क्रिप्टेडच हवं, ही अट) लावाच, पण तेवढ्यावर थांबू नका: क्लायंटने प्रमाणपत्र तपासलं नाही, तर मधे बसलेला कुणीही सर्व्हर असल्याचं सोंग करू शकतो. क्लायंटचा एसएसएल-मोड 'व्हेरिफाय आयडेंटिटी' ठेवा.

नवे लोक अडकतात ते कनेक्शनच्या हिशोबात. मायएसक्यूएलची एका वेळच्या कनेक्शनची मूळ (डीफॉल्ट) मर्यादा १५१. चार सर्व्हरवर पीएचपीचे ५०-५० वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) म्हणजे गर्दीच्या वेळी २०० कनेक्शन, आणि मग १०४० एरर (कनेक्शन फार झाली). मर्यादा वाढवण्याआधी रॅम बघा, कारण प्रत्येक कनेक्शन मेमरी खातं.

अंतरही मोजा. जाऊन-येऊन २० मिलिसेकंद लागत असतील आणि एका पानाला एकामागोमाग ६० क्वेरी असतील, तर १.२ सेकंद नुसत्या वाटेत जातात. क्वेरी कमी करा किंवा डेटाबेस त्याच डेटासेंटरमध्ये आणा.

२००३ एरर (सर्व्हरशी जोडताच येत नाही) आली तर पोर्ट, फायरवॉल किंवा बाइंड-अ‍ॅड्रेस तपासा. १०४५ (प्रवेश नाकारला) आली तर युजर, होस्ट, पासवर्ड.